अर्ध्या प्रश्नाची घंटा

गुरुवारी संध्याकाळी साडेसातला विद्याधरकाकांच्या बाहेरच्या खोलीत एकोणीस माणसं, अकरा स्टीलच्या वाट्या, अकरा चमचे, तीन खुर्च्या, एक कॉट, एक रंगीत टीव्ही आणि टीव्हीखाली गुणगुणणारा एक स्टॅबिलायझर होता. बारावी वाटी क्षमाची. ती उपडी ठेवलेली होती आणि तिचा चमचा कुणाच्याच हातात नव्हता.

वाट्यांचं कारण सांगायला हवं. 'क्षणात उत्तर' हा कॉलेजच्या मुलांच्या सामान्यज्ञानाचा कार्यक्रम दर गुरुवारी लागायचा. त्यात शेवटची फेरी घंटेची. दोन टीम, दहा प्रश्न. जो आधी घंटा मारेल त्याने उत्तर द्यायचं. घंटा वाजली की प्रश्न विचारणारे गृहस्थ जिथे असतील तिथे थांबणार, उरलेला प्रश्न वाचणार नाहीत. उत्तर चुकलं तर मार्क कापणार. आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगीत दीड वर्षापासून ही फेरी घरबसल्या खेळली जात होती. पडद्यावरची घंटा वाजायच्या आत आपण चमच्याने वाटी वाजवायची आणि उत्तर ओरडायचं. येताना वाटी ज्याची त्याने आणायची. माणिककाकू फक्त पाणी देणार.

त्या गुरुवारी पडद्यावर माझी बहीण क्षमा होती. तीच क्षमा खोलीत जमिनीवर आईला टेकून बसली होती. कार्यक्रम तीन आठवडे आधी अंधेरीच्या एका खाजगी स्टुडिओत चित्रित झाला होता आणि निकाल कुणाला सांगायचा नाही, अशी ताकीद असल्यामुळे तिने तो आईलाही सांगितला नव्हता.

घंटेची फेरी सुरू झाली. पडद्यावरचे गृहस्थ म्हणाले, "भारताच्या दक्षिण टोकाला आपण कन्याकुमारी म्हणतो, पण..."

टण्.

"इंदिरा पॉइंट," पडद्यावरची क्षमा म्हणाली. बरोबर.

खोलीत टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. दोन प्रश्न दुसऱ्या कॉलेजने घेतले. मग पुन्हा: "पाऱ्याप्रमाणेच सामान्य तापमानाला..."

टण्. "ब्रोमीन." बरोबर.

या वेळी टाळ्या कमी पडल्या. उत्तर दिल्यावर पडद्यावरच्या क्षमाने एकदा डावीकडे, कॅमेऱ्याच्या पलीकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली.

"तिकडे कोण आहे गं?" विद्याधरकाकांनी विचारलं.

"अहो, कॅमेरा असेल," माणिककाकू म्हणाल्या.

"कॅमेरा समोर असतो. ती बाजूला बघतेय. आणि आर्ट्सची मुलगी ब्रोमीन म्हणते?"

"ब्रोमीन गेल्या गणपतीत पण आलं होतं ना ओ? तुम्हीच तर—"

"तू गप गं जरा."

फेरी संपली. क्षमाने सहा वेळा घंटा मारली होती. सहाही वेळा प्रश्न अर्धाच झाला होता. पाच उत्तरं बरोबर आली. तिचं कॉलेज जिंकलं. शेवटच्या तीन प्रश्नांना खोलीत एकही वाटी वाजली नाही. सगळे पडद्याऐवजी क्षमाकडे बघत होते. क्षमा आपली वाटी घेऊन उठली आणि आईच्या आधी जिना चढून गेली.

विद्याधरकाका एका विमा कंपनीत क्लेम बघायचे. आग, चोरी, अपघात. बावीस वर्षं त्यांनी खोटे क्लेम पकडण्यात घालवली होती आणि ते त्यात हुशार होते, हे त्यांचे विरोधकही मान्य करायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला खालच्या जिन्याशी गाठलं. बाबा गिरणी बंद पडल्यापासून गावीच असल्यामुळे असली बोलणी माझ्याशी होत.

"चंद्या, राग मानू नको. मी कुणावर आरोप करत नाही. फक्त जे दिसलं ते सांगतो. सहापैकी पाच, आणि तेसुद्धा प्रश्न पुरा न ऐकता. एका गोडाऊनला वर्षात पाच वेळा आग लागली तर मी काय समजायचं?"

"तिचा अभ्यास आहे, काका."

"अभ्यासाने उत्तर येतं रे. प्रश्न कसा येईल? 'पण'नंतर काहीही येऊ शकतं. विवेकानंदांचं स्मारक येऊ शकतं. तीन समुद्र येऊ शकतात." त्यांनी आवाज खाली आणला. "तुझा मामा त्याच स्टुडिओत आहे ना? धोंडिराम?"

"तो सुतार आहे तिथे. सेट बनवतो."

"तेच म्हणतोय मी. आतला माणूस. मी कार्यक्रमाच्या निर्मात्यांना पत्र लिहिलंय. सभ्य भाषेत. बुधवारी टाकणार. तोपर्यंत तुझ्याकडे काही खुलासा असेल तर आण. क्लेमवाल्याला मी नेहमी एक संधी देतो."

त्या पत्राचा अर्थ मला कळत होता. धोंडिराममामा सात वर्षं रोजंदारीवर होता. दिवाळीपासून त्याला कायम करणार होते. असलं पत्र गेलं तर चौकशी होवो न होवो, आधी सुताराला घरी बसवतील. आणि क्षमाला कॉलेजात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

पण खुलासा माझ्याकडे नव्हता. उलट एक गोष्ट होती जी काकांना माहीत नव्हती. चित्रीकरणाच्या आधीच्या रविवारी मामा बांगडे घेऊन आमच्याकडे आला होता. जेवणानंतर तो आणि क्षमा गॅलरीत उभे राहून हळू आवाजात बोलत होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो तेव्हा दोघं एकदम गप्प झाले. मामा म्हणाला, "बांगडे ताजे गावले हां आज." जेवून हात धुवून झाल्यावर कुणी बांगड्यांबद्दल बोलत नाही.

मी मुलुंडला औषधांच्या कारखान्यात काम करतो. गोळी पाण्यात किती मिनिटांत विरघळते ते बघणं हे माझं काम. गोळी चांगल्या कंपनीची आहे म्हणून ती विरघळेलच, असं मी धरून चालत नाही. बहिणीच्या बाबतीतही मला तसं धरून चालता येत नव्हतं, आणि हे मला आवडत नव्हतं.

रात्री जेवताना मी विचारलं, "क्षमा, मामा त्या दिवशी गॅलरीत काय सांगत होता?"

तिने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "तुला काय वाटतं?"

"मी विचारतोय."

"नाही. तू आधी ठरवलंयस आणि मग विचारतोयस. काकांनी पाठवलं का?"

"अगं, सरळ सांग ना—"

"मामाला विचार. मी सांगितलं तर तू परत त्यालाच जाऊन विचारणार. मग आधी त्यालाच विचार ना."

आई म्हणाली, "जेवा आधी." कुणी फारसं जेवलं नाही.

रविवारी मी अंधेरीला गेलो. स्टुडिओच्या फाटकाबाहेर चहाची टपरी होती. मामा कानावर पेन्सिल लावून बाहेर आला. त्याच्या शर्टावर भुसा होता आणि हातावर सुकलेला फेविकॉल. मला बघून तो खूश झाला. मी आलो त्याचं कारण सांगितल्यावर त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"प्रश्नांची कार्डां माका दिसतत काय?" तो म्हणाला. "ती बाई येता, पर्सेत घालून हाडता, संपला की परत पर्सेत. आमका शूटिंगचे लाइट लागापर्यंत आत सोडीत नाय."

"मग गॅलरीत काय बोलत होतास?"

त्याने फाटकाकडे एकदा बघून घेतलं. "तिका सांगितलंय, चेडवा, थंय माका वळख दाखव नको. मामा म्हणून हाक मारू नको. हसा नको. लोक कायव बोलतत. भाची जिंकली तर म्हणतले मामान काय तरी केल्यान." त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि परत लावली. "तरी एकदा बघल्यानच माझ्याकडे. उत्तर बरोबर इला म्हणान. मी तोंड फिरवलंय."

"ती ब्रोमीनची वेळ," मी म्हणालो.

"काय म्हायत. माका उत्तर समाजला नाय. टाळ्ये ऐकले." मग त्याने मला विचारलं, "आणि तुका काय वाटता रे?"

मी खरं सांगितलं. म्हणालो, "मला माहीत नाही, मामा."

"बी.एस्सी. झालंस ना?" तो म्हणाला. यात टोमणा होता की साधा प्रश्न होता, ते मला कळलं नाही. चहाचे पैसे त्यानेच दिले.

परत येताना बसमध्ये मी विचार करत होतो. मामाचं म्हणणं खरं असेल तर सगळं जुळत होतं: गॅलरीतली कुजबुज, डावीकडची नजर, खाली घातलेली मान. पण मामा खोटं बोलत असला तरीही ते तसंच जुळलं असतं. जी गोष्ट दोन्ही बाजूंनी सारखीच जुळते तिला पुरावा म्हणत नाहीत. काकांच्या म्हणण्यात मात्र एक भाग असा होता जो तपासता येत होता. ते म्हणत होते, अर्धा प्रश्न ऐकून उत्तर देता येणं शक्यच नाही. हे मोजता येईल. नवे प्रश्न घ्यायचे, अर्धे तोडायचे आणि विचारायचे.

घरी आल्यावर मी क्षमाला हे सांगितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, ती घालतच राहिली.

"म्हणजे माझी टेस्ट घेणार तू."

"तुझी नाही, त्या म्हणण्याची."

"बसते मी." तिने उशीचा अभ्रा झटकला. "पण एक आहे. मला एकटीला नाही. काकांना पण बसव."

"काकांना कशाला?"

"अरे वा! टेस्ट आहे ना? मला दहा आले तर तू काय म्हणशील, दहा जास्त की कमी? कशावरून ठरवणार? दुसरं कुणीतरी नको का बसायला, ज्याने चोरी केलेली नाही हे सगळ्यांना माहीत आहे?"

कारखान्यात आम्ही प्रत्येक तपासणीत एक ओळखीची, जिचा निकाल आधीच माहीत असतो अशी गोळी शेजारी ठेवतो. हे मला आधी सुचायला हवं होतं. इतिहास घेऊन टी. वाय.ला बसलेल्या मुलीला ते सुचलं.

काकांकडे मी भीतभीत गेलो. ते चटकन तयार झाले.

"बसतो ना! न बसायला काय झालं? माझे दोन येतील, फार तर तीन. देव पावला तर चार. आणि ऐक, मी तिला सवलत देतो. तिने तिथे सहापैकी पाच दिले. मी वीसात दहाच मागतो. दहा आले तर हे पत्र मी फाडून टाकीन. खाली आले तर बुधवारी टपालात. कबूल?"

"कबूल."

"आणि मोजणार माणिक. तू नाही. तू भाऊ आहेस."

दोन दिवस मी त्यावर खपलो. लायब्ररीतून सामान्यज्ञानाची चार जुनी पुस्तकं आणली आणि डोळे मिटून पानं उघडत वीस प्रश्न काढले. प्रत्येक प्रश्नाचे शब्द मोजले आणि बरोबर अर्ध्यावर लाल रेघ मारली. शब्द विषम असतील तर एक कमी. वाचताना माझ्या आवाजावरून काही कळू नये म्हणून ते अर्धे प्रश्न मी आमच्या टू-इन-वनवर कॅसेटमध्ये भरले, म्हणजे दोघांनाही तोच आवाज आणि तीच थांबण्याची जागा. प्रत्येक प्रश्नानंतर दहा सेकंद गप्प. उत्तरं कागदावर लिहून कागद माणिककाकूंना दिला. त्यांनी चिंचोके काढले. बरोबर उत्तराला एक चिंचोका वाटीत, चुकलं किंवा राहिलं तर काही नाही. दोन वाट्या, दोन झाकणं.

मंगळवारी संध्याकाळी आधी काका बसले. क्षमा वर आमच्या घरी होती. खोलीत काका, काकू, मी आणि टू-इन-वन. स्टॅबिलायझर बंद होता. काकांनी सवयीने आपली वाटी आणि चमचा घेतला.

"हे कशाला?" काकू म्हणाल्या.

"असू दे गं. हाताला बरं वाटतं."

पहिले दोन प्रश्न ते सावधपणे ऐकत होते. तोंड असं केलं होतं, जणू समोर जळालेला माल ठेवलाय. तिसरा आला. टेपवरचा माझा आवाज म्हणाला, "जगातील सर्वांत लांब नदी नाईल आहे," आणि थांबला.

टण्.

"ॲमेझॉन! पाणी जास्त, ॲमेझॉन. पुढचा!"

काकूंनी कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि झाकण उचलून वाटीत चिंचोका टाकला.

"ध्वनीचा वेग हवेपेक्षा पाण्यात जास्त असतो."

टण्. "शून्य! पोकळीत शून्य. हे काय, हे लहान पोर पण सांगेल."

काका बी.कॉम. आहेत.

त्यानंतर ते टेस्टला बसलेत हे विसरले. एका मांडीवर वाटी, पुढे झुकलेले, चष्मा कपाळावर. चुकले की "हात तिच्या!" म्हणायचे आणि पुढच्यासाठी चमचा उचलायचे. बाहेरून जाणाऱ्या कुणीतरी दारातून डोकावून विचारलं, "काय काका, आज मंगळवारी पण?" काकांनी हाताने त्याला घालवून दिलं. विसावा प्रश्न झाल्यावर त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "आणखी नाहीत?"

काकूंनी वाटीवर झाकण घातलं. किती झाले ते मला मोजायचं नव्हतं, आणि मी मोजलेही नाहीत.

मग क्षमाला खाली बोलावलं. नियमाप्रमाणे काका आत स्वयंपाकघरात जाऊन बसले. आई आली होती. ती दारातच उभी राहिली.

क्षमाने वाटी आणली नव्हती. ती मांडी घालून बसली, हात गुडघ्यांवर. पहिला प्रश्न गेला. उत्तर नाही. दुसरा चुकला. नाईल आली, ती ओठ हलवत राहिली आणि दहा सेकंद संपल्यावर म्हणाली, "ॲमेझॉन." उशीर झाला होता. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. चिंचोका नाही.

"अगं, बोल ना पटकन," आई म्हणाली.

"आई, तू नको," क्षमा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. चौथाही गेला. पाचव्याला तिने माझ्याकडे रोखून बघितलं, आणि त्या नजरेत उत्तर शोधणं नव्हतं. टेप बंद करावी असं मला वाटलं. मी केली नाही.

आतून काकांचा आवाज आला, "काय चाललंय? माझ्या वेळी एवढी शांतता नव्हती!"

"वाटी नाहीये तिच्याकडे," काकू म्हणाल्या. त्या उठल्या, काकांनी ठेवलेली वाटी आणि चमचा उचलला आणि क्षमाच्या मांडीवर ठेवला. "घे. हाताला बरं वाटतं म्हणे."

हे नियमात बसतं का, याचा मी विचार केला. काकांना वाटी होती. बसत होतं.

सहाव्या प्रश्नाला टण् झालं.

त्यानंतर ती टेपकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती, जशी गुरुवारी बघायची. दोनदा चुकली तेव्हा स्वतःशीच म्हणाली, "वाट लागली." एकदा टेपवरचं वाक्य संपायच्या आधीच तिने वाटी वाजवली, आणि आईने तोंडाला पदर लावला. चिंचोके झाकणाखाली पडत होते. स्टीलवर त्यांचा आवाज लहान यायचा, आणि ज्या प्रश्नाला तो यायचा नाही तो प्रश्न मोठा वाटायचा.

विसावा संपला. काका बाहेर आले. त्यांच्या शर्टाच्या खिशात पत्राचं पाकीट दिसत होतं, तिकीट लावलेलं.

"आधी तिची," ते म्हणाले.

माणिककाकूंनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि क्षमाची वाटी त्यावर उपडी केली. दोन-दोन करून चिंचोके बाजूला सारले. मी बघत होतो, काका बघत होते. काकूंनी पुन्हा एकदा मोजले.

"बारा."

मग त्यांनी काकांची वाटी उचलली. काका म्हणाले, "राहू दे गं, आता माझी कशाला?"

"मोजायचं ठरलंय ना?" काकू म्हणाल्या आणि दुसऱ्या कोपऱ्यावर वाटी ओतली.

चौदा.